नमुने विकणारी माणसे

मुलांना घेऊन आपण एखाद्या निसर्गविषयक संग्रहालयात जातो. काचेच्या कपाटात पेंढा भरलेला वाघ असतो, ओळीने मांडलेले शिंपले असतात, टाचणीला टोचलेली फुलपाखरे असतात. मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. हा खरा आहे का? याचे नाव काय? हा काय खातो? ‘हा इथे आला कसा?’ असे मात्र फारसे कोणी विचारत नाही. विचारलेच तर ‘कोणा संशोधकाने आणला असेल’ असे म्हणून आपणही पुढच्या कपाटाकडे वळतो.

हे उत्तर अनेकदा अपुरे असते. युरोप-अमेरिकेतील मोठमोठ्या संग्रहालयांत एकोणिसाव्या शतकात जे प्राणी, पक्षी, कीटक, शिंपले आणि जीवाश्म गोळा झाले, त्यांतला बराच भाग चक्क विकत घेतलेला होता. तो विकणारे व्यापारी होते, त्यांची दुकाने होती, छापील दरपत्रके होती, लिलाव होत होते. संग्रहालयांच्या इतिहासात या मंडळींना फारशी जागा मिळत नाही. विज्ञान निघाले ज्ञानासाठी आणि हे निघाले पैशासाठी, असा काहीसा संकोच त्यामागे असावा. पण त्यांना वगळले तर उत्क्रांतीच्या सिद्धांताचा इतिहाससुद्धा नीट सांगता येत नाही.

हा बाजार उभा राहण्याची कारणे साधी होती. अठराव्या शतकात फ्रान्समधील एका औषधविक्रेत्याने पक्ष्यांच्या कातड्याला आतून चोळण्यासाठी सोमल घातलेला साबण तयार केला. त्याआधी पेंढा भरलेला पक्षी काही वर्षांत किडे खाऊन टाकत. आता कातडी शंभर शंभर वर्षे टिकू लागली. टिकणारी वस्तू साठवता येते, लांबवर पाठवता येते, म्हणजेच विकता येते. पुढे आगबोटी आल्या, वसाहती वाढल्या. शहरोशहरी संग्रहालये निघाली आणि श्रीमंतांच्या घरी भुंग्यांची व शिंपल्यांची कपाटे दिसू लागली. संग्रहालयांकडे दूरदेशी पाठवायला माणसे नव्हती. ज्यांच्याकडे जिवावर उदार होण्याची तयारी होती, त्यांच्याकडे पैसे नव्हते. या दोघांच्या मध्ये व्यापारी उभा राहिला.

अशा व्यापाऱ्यांपैकी सर्वांत भला माणूस कोणता, असे विचारले तर आम्ही लंडनच्या सॅम्युएल स्टीव्हन्सचे नाव घेऊ. त्याचा धंदा आपल्याकडच्या बाजार समितीतल्या अडत्यासारखा होता. माल शेतकऱ्याचा, गिऱ्हाईक दुसरेच, अडत्या मधला. १८४८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस आणि हेन्री बेट्स हे दोन तरुण ॲमेझॉनच्या जंगलात निघाले. दोघांच्याही मागे ना घरची इस्टेट होती, ना विद्यापीठाची पदवी. गोळा केलेले कीटक आणि पक्षी विकून खर्च भागवायचा, हा त्यांचा बेत. विक्रीचे काम स्टीव्हन्सकडे. अडत शेकडा वीस, शिवाय वाहतूक आणि विमा यांसाठी शेकडा पाच.

यातला विम्याचा भाग वाचकांनी लक्षात ठेवावा. चार वर्षांनी, ऑगस्ट १८५२ मध्ये, वॉलेस परत येत असताना त्याच्या जहाजाला भर समुद्रात आग लागली. स्वतःसाठी राखून ठेवलेले नमुने, वह्या, चित्रे, बहुतेक सारे जळाले. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर दुसऱ्या जहाजाने त्याला उचलले. लंडनला पोचला तेव्हा अंगावर धड कपडे नव्हते. स्टीव्हन्सने त्याला तयार कपड्यांच्या दुकानात नेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वॉलेसला न विचारताच त्याने मालाचा दोनशे पौंडांचा विमा उतरवून ठेवला होता. ते पैसे नसते तर वॉलेसला दुसऱ्या प्रवासाचा विचारही करता आला नसता.

दुसरा प्रवास म्हणजे मलाय द्वीपसमूहाचा, १८५४ ते १८६२. या आठ वर्षांत वॉलेस आणि त्याच्या मदतनिसांनी गोळा केलेल्या नमुन्यांचा हिशेब त्याने स्वतःच दिला आहे. सस्तन प्राणी ३१०, सरपटणारे १००, पक्षी ८,०५०, शिंपले ७,५००, फुलपाखरे व पतंग १३,१००, भुंगे ८३,२०० आणि इतर कीटक १३,४००. एकूण १,२५,६६० होतात. (पाचवी-सहावीच्या मुलांना बेरजेसाठी द्यायला हरकत नाही.) एकट्या भुंग्यांचा आकडा इतका मोठा का? भुंगा लहान, टणक, पाठवायला सोपा, आणि इंग्लंडमध्ये भुंग्यांचे शौकीन पुष्कळ. निसर्गात काय आहे याबरोबरच बाजारात काय खपते, हेही या आकड्यांत उतरले आहे. आजही जुन्या संग्रहाच्या आधारे एखाद्या प्रदेशातील जीवांची मोजदाद करायची असेल, तर हे भान ठेवावे लागते. रंगीत फुलपाखरांची खोकी भरलेली असतात आणि मातकट माशीचा एकही नमुना नसतो. याचा अर्थ तिथे माशा नव्हत्या असा नाही.

स्टीव्हन्स केवळ माल विकून थांबला नाही. वॉलेसची पत्रे तो शास्त्रीय नियतकालिकांत छापून आणी. ऑगस्ट १८५६ मध्ये लोंबोक बेटावरून वॉलेसने त्याला लिहिलेले एक पत्र पुढच्याच वर्षी छापले गेले. बाली आणि लोंबोक ही बेटे एकमेकांच्या दृष्टिपथात आहेत. हवामान तेच, माती तीच, पण पक्षी वेगळे. बालीत तांबट आणि सुतार दिसतात, लोंबोकवर काकाकुवे. आशियाई आणि ऑस्ट्रेलियाई जीवसृष्टीच्या सीमेला पुढे ‘वॉलेस रेषा’ हे नाव मिळाले. तिचा पहिला उल्लेख या पत्रात आहे, आणि पत्र मुळात माल पाठवल्याची वर्दी देणारे आहे. त्याच मालात एक पाळीव बदक होते. ते डार्विनसाहेबांना द्यावे, अशी सूचना वॉलेसने केली होती. डार्विन त्या काळात जगभरातून कोंबड्या-बदकांची कातडी मागवत होता. म्हणजे ज्या दोन माणसांची नावे नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताशी कायमची जोडली जायची होती, त्यांच्यात एक अडत्या बदक पोचवत होता.

याच अडत्याने वॉलेसला एक निरोपही कळवला होता. १८५५ मध्ये वॉलेसने नव्या जाती कशा निर्माण होतात यावर सारावाकहून एक लेख लिहिला. तो छापून आल्यावर स्टीव्हन्सने कळवले की लंडनमधील काही निसर्गतज्ज्ञ नाराज आहेत. या गृहस्थाने सिद्धांत मांडत बसण्यापेक्षा आणखी नमुने गोळा करावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. माल आणणाऱ्याने मालच आणावा, विचार करायला आम्ही आहोत! वॉलेसने दोन्ही गोष्टी चालू ठेवल्या हे विज्ञानाचे भाग्य. विक्रीतून उरलेले पैसे स्टीव्हन्सने भारतातील रेल्वेच्या हमीच्या रोख्यांत गुंतवून ठेवले होते. १८६२ मध्ये परतलेल्या वॉलेसला त्यातून वर्षाला सुमारे तीनशे पौंड मिळण्याची सोय झाली. पुढे त्याने स्वतः गुंतवणूक करायला घेतली आणि बहुतेक सारे घालवले. असो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वॉलेसच्या नमुन्यांना विज्ञानात एवढी किंमत का आली? ते सुंदर होते, दुर्मीळ होते हे खरेच, पण त्यांना चिठ्ठ्या होत्या. नमुना कोठे सापडला हे त्यांवर लिहिलेले होते. हा धडा वॉलेस ॲमेझॉनमध्ये शिकला होता. १८५२ मध्ये माकडांवर वाचलेल्या निबंधात त्याने तक्रार केली की संग्रहालयांतील चिठ्ठ्यांवर ‘ब्राझील’, ‘दक्षिण अमेरिका’ असे काहीतरी मोघम लिहिलेले असते. ‘ॲमेझॉन नदी’ असे असले तरी नशीब म्हणायचे, पण नदीचा उत्तरेकडचा काठ की दक्षिणेकडचा? त्याला तर दिसले होते की रुंद नदीच्या एका काठावर माकडाची एक जात असते आणि समोरच्या काठावर दुसरीच. माकडाचे कातडे आहे पण काठ माहीत नाही, तर हा प्रश्न सुटणार कसा?

शाळेच्या प्रयोगशाळेतले कपाट उघडून पाहावे. पुरवठादाराकडून आलेल्या बरण्या असतात, त्यांवर ‘तारामासा’, ‘विंचू’, ‘बेडूक’ अशी नावे असतात. कोणता समुद्र, कोणते गाव, कोणते वर्ष, हे त्यांवर बहुधा नसते. तारामासा कसा दिसतो हे शिकवायला ती बरणी पुरेशी आहे. पण शंभर वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कोणते तारामासे होते, हे तिच्यावरून कधीच सांगता येणार नाही. मुलांना एखादे पडलेले पीस किंवा शिंपला आणायला सांगून त्याला जागा, तारीख आणि आणणाऱ्याचे नाव अशी चिठ्ठी बांधायला लावली, तर हा फरक त्यांना चटकन कळतो.

व्यापाऱ्याच्या हातात चिठ्ठीचे काय होते, यावर त्याची शास्त्रीय लायकी ठरते. ह्यू क्युमिंग हा मूळचा जहाजांची शिडे शिवणारा कारागीर. तो चिलीत स्थायिक झाला, स्वतःचे गलबत बांधून पॅसिफिकमध्ये फिरला, नंतर फिलिपिन्समध्ये चार वर्षे राहिला. शिंपल्यांचा त्याच्यासारखा संग्रह तेव्हा कोणाकडेच नव्हता. तो मरण पावल्यावर १८६६ मध्ये ब्रिटिश म्युझियमने त्याचे सुमारे ८३ हजार शिंपले सहा हजार पौंडांना घेतले. शिंपल्यांचे अभ्यासक एक गोष्ट सांगतात ती अशी. तबके एका इमारतीतून दुसरीकडे नेताना वाटेत मोकळे अंगण होते, वारा सुटला आणि सुट्या ठेवलेल्या चिठ्ठ्या उडून गेल्या. गोष्टीला थोडे तिखटमीठ लागले असावे. पण क्युमिंगच्या नमुन्यांवरची स्थळे जपून वापरावी लागतात, हे वाऱ्याशिवायही खरे आहे.

पॅरिसच्या व्हेरो बंधूंची पेढी याहून मोठी आणि याहून बेभरवशाची. जगातल्या असंख्य संग्रहालयांत त्यांचे पक्षी आहेत. पक्षीतज्ज्ञ मात्र व्हेरोंची चिठ्ठी दिसली की तिच्यावर लिहिलेल्या स्थळावर सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत. सांडणीस्वारावर झडप घालणाऱ्या सिंहाचा त्यांचा देखावा १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात गाजला आणि पुढे अमेरिकेत गेला. दीडशे वर्षांनी क्ष-किरणांनी तपासल्यावर त्या स्वाराच्या डोक्यात खरी मानवी कवटी निघाली. आणि हे एवढ्यावर थांबत नाही. १८३० च्या सुमारास या बंधूंनी दक्षिण आफ्रिकेत नुकत्याच पुरलेल्या एका माणसाचे प्रेत उकरून काढले, प्राण्यासारखे त्यात सारण भरले आणि पॅरिसमध्ये मांडले. नंतर ते स्पेनमधील बान्योलेस गावच्या संग्रहालयात गेले आणि १९९७ पर्यंत तेथे प्रदर्शनात उभे होते. ऑक्टोबर २००० मध्ये त्या माणसाला बोट्स्वानाची राजधानी गाबोरोन येथे पुरले. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नव्हते, गावही नाही. ज्या देशात अखेर पुरले तो तरी त्याचा होता का, यावर नंतर वाद झाला.

माणसाच्या बाबतीत जे घडले, त्याचे दुसरे रूप पक्ष्याच्या बाबतीत दिसते. उत्तर अटलांटिकमधील महाऑक हा न उडणारा पक्षी आधी मांसासाठी आणि पिसांसाठी मारला गेला. थोडे उरले तेव्हा त्यांचा भाव चढला. जून १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डी खडकावर मच्छीमारांनी शेवटची ज्ञात जोडी मारली, ती व्यापाऱ्याच्या मागणीवरून. त्यांची आतडी-काळीज वगैरे मद्यार्कात घालून कोपनहेगनला गेले, कातडी व्यापाऱ्यांच्या साखळीत कुठे गेली ते समजेनासे झाले. २०१७ मध्ये डीएनए जुळवून त्यातल्या नराचे कातडे ब्रुसेल्सच्या संग्रहालयात असल्याचे दाखवले गेले. तिकडे पक्षी नाहीसा झाल्यावर त्याच्या अंड्यांना लंडनच्या लिलावात शेकडो पौंड येऊ लागले. लिलाव करणारी पेढी होती आपल्या सॅम्युएल स्टीव्हन्सच्या भावाची. तोच बाजार वॉलेसला पोसत होता आणि तोच महाऑकच्या शेवटच्या जोडीवर भाव लावत होता.

चिठ्ठीवर नाव कोणाचे, हाही एक प्रश्न आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस येथे मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) दरडींतून इक्थिओसॉरस आणि प्लेसिओसॉरस शोधून काढी, साफ करी आणि विकी. त्यावर तिचे घर चाले. संग्रहालयात मात्र देणगीदार सरदाराचे नाव लागे. वॉलेसचा मदतनीस अली हा सारावाकचा मलायी तरुण. वॉलेसच्या नावाने ओळखला जाणारा ध्वजपंखी स्वर्गपक्षी १८५८ मध्ये बाचान बेटावर मारून आणला तो अलीने. याउलट जर्मनीतील डॉक्टर कार्ल हेबर्लाइन यांचे नाव राहिले. त्यांनी आर्किओप्टेरिक्सचा प्रसिद्ध जीवाश्म इतर जीवाश्मांसह १८६२ मध्ये ब्रिटिश म्युझियमला सातशे पौंडांना विकला, म्हणून ते राहिले. खाणीतून तो काढणारा मजूर कोण, हे आपल्याला ठाऊक नाही.

अमेरिकेत हा धंदा हेन्री वॉर्ड यांनी कारखान्यासारखा चालवला. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर गावी १८६२ मध्ये त्यांनी पेढी काढली. महाविद्यालयांना सांगाडे, जीवाश्मांचे साचे, उल्का, पेंढा भरलेले प्राणी, जे मागाल ते दरपत्रकातून मिळे. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील त्यांचा संग्रह विकत घेऊन तेथील फील्ड संग्रहालयाची सुरुवात झाली. वॉर्डचा एक माणूस, विल्यम हॉर्नडे, १८७७ मध्ये मुंबई बंदरात उतरला. यमुनेत त्याने लांब तोंडाच्या सुसरी मारल्या, दक्षिणेत अनामलाईच्या डोंगरात हत्ती आणि गवे. हे सारे रॉचेस्टरच्या गिऱ्हाइकांसाठी. नऊ वर्षांनी हाच हॉर्नडे वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी अमेरिकी गव्यांचे नमुने आणायला गेला. जिथे पूर्वी लाखोंचे कळप होते तिथे शोधूनही जनावरे मिळेनात. उरलेल्यांतले दोन डझनांच्या आसपास त्याने मारले आणि परत येऊन त्या प्राण्याला वाचवण्याच्या कामाला लागला. पुढे तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाचा पहिला संचालक झाला.

विसाव्या शतकात संग्रहालये स्वतःची माणसे पाठवू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, ती पगारी संग्राहक नेमून. सुरुवात खानदेशातून झाली. मधला व्यापारी गेला आणि जागेवरच चिठ्ठी लिहिण्याची शिस्त आली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर या धंद्याचा मोठा भाग गुन्हाच ठरला.

व्यापारी गेले म्हणजे खोट्या चिठ्ठ्याही गेल्या, असे कोणाला वाटेल. खानदेशातलेच एक उदाहरण पाहा. वनपिंगळा हे छोटे घुबड. १८७२ ते १८८४ या काळात त्याची मोजकी कातडी मिळाली होती. शेवटचे खानदेशातून, जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने मिळवलेले. त्यानंतर एकच नमुना नोंदलेला होता, १९१४ चा, गुजरातेतील मांडवीचा. तो कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांनी दिलेला. कर्नल प्रतिष्ठित गृहस्थ. १९५४ मध्ये त्यांनी सुमारे वीस हजार कातडी ब्रिटिश म्युझियमला देणगी दिली होती, विकली नव्हती. त्यांच्या चिठ्ठीच्या भरवशावर शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही आणि पक्षी नामशेष झाला असे मानले जाऊ लागले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी ते कातडे तपासले. पक्षी कसा सोलला, कापूस कसा भरला, टाके कसे घातले, यात प्रत्येक माणसाची लकब असते. मांडवीचे म्हणवलेले कातडे पुन्हा उसवून भरलेले निघाले, आणि मूळची लकब डेव्हिडसनची होती. कर्नलांनी संग्रहालयातूनच ते चोरले होते, नवी चिठ्ठी बांधली होती आणि देणगी म्हणून परत दिले होते. मांडवी यादीतून गेली. उरल्या फक्त जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट त्या जागांच्या मागे निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर वनपिंगळा त्यांना भरदिवसा बसलेला दिसला. पुढे तो तोरणमाळला, मेळघाटात आणि मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही सापडला.